जागा राखणाऱ्या शरयूक्का

शरयूक्का कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी ती खोली किती भरलीय ते बघायच्या आणि मग खोलीतल्या माणसांकडे. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे की. माणसं हलतात, कपाट हलत नाही. आधी कपाट बघावं."

हुबळीच्या विद्यानगरातल्या आमच्या रक्तकेंद्रात त्या डेटाबेस सांभाळायच्या. रक्तदाते, रक्ताच्या पिशव्या, तपासण्यांचे निकाल, कुठली पिशवी कुठल्या इस्पितळात गेली, या सगळ्याची नोंद ज्या यंत्रात होती ते यंत्र त्यांच्या ताब्यात. पगारपत्रकावर त्यांचं नाव शरयू कित्तूरकर आणि हुद्दा लांबलचक इंग्रजी. आमचा पहारेकरी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "त्या जागावाल्या अक्का आत आहेत."

मी तिथं रक्तदात्यांशी संपर्क ठेवायचं काम करायचो. माझं टेबल त्यांच्या दाराला लागून. त्यामुळं रोज सकाळी धारवाडहून बसनं येऊन, जरीच्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या तरातरा आत जाताना मला दिसायच्या. पर्स खुंटीला लावायच्या आधी त्या स्क्रीन उघडायच्या. डिस्कवर किती जागा उरलीय तो आकडा बघायच्या. आकडा मनासारखा असला तर आतून कानडीत आवाज यायचा, "जाग ऐति!" जागा आहे. मग आमचा दिवस सुरू व्हायचा. आवाज आला नाही की स्वयंपाकघरातली चहावाली मंजुळासुद्धा विचारायची, "आज अक्का गप्प का?"

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. उंच, रुंद, आवाज खणखणीत. आपल्याला काय येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नसे. फोनवर कुणी "मॅडम, थोडं समजावून सांगता का?" असं म्हटलं की म्हणायच्या, "थोडं नाही सांगणार. पूर्ण सांगते. बसा." खुर्चीत मांडी घालून बसायच्या, गुडघ्यावर गिरमिटाचा, म्हणजे मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांचा, कागद ठेवायच्या आणि एका हातानं चुरमुरे तोंडात टाकत दुसऱ्या हातानं टाइप करायच्या. की-बोर्डवर शेव सांडली तर रागवायच्या ते शेवेवर.

मला डेटाबेस म्हणजे काय ते त्यांनीच शिकवलं. मी एकदा विचारलं, "अक्का, जुन्या नोंदी आपण काढून टाकतो, तेव्हा डिस्कवर जागा होते ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आनंदप्पा, भाडेकरू घर सोडून गेला म्हणून खोली नाहीशी होते काय? खोली तिथंच असते, रिकामी. नवा भाडेकरू आला तर त्यात राहील. पण शेजाऱ्याला अंगण मोठं करून हवं असेल तर ती खोली पाडून, भिंती नव्यानं बांधून द्यायला लागतात. डेटाबेसची फाइल तशीच. एकदा फुगली की आपणहून आकसत नाही. भरलेलं दिसतं ते सगळं भरलेलं नसतं, आणि रिकामं केलं म्हणजे मोकळं झालं असंही नसतं."

हे एवढं ज्ञान असलेल्या बाईंचं स्वतःचं घर कसं असेल, असं मला वाटायचं. एका रविवारी धारवाडला त्यांच्याकडं जेवायला गेलो आणि दारातच थबकलो. चपला ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर बरण्या, बरण्यांवर मासिकं, मासिकांवर मुलाच्या शाळेतला ग्लोब. मुलगा तर तेव्हा मंगळुरात नोकरीला होता. त्यांचे यजमान श्रीधरराव निवृत्त मास्तर. शांतपणे एणगाईची, म्हणजे मसाला भरलेली, वांगी परतत होते. मला म्हणाले, "बसा जागा मिळेल तिथं. ऑफिसात हिच्या डिस्कवर जागा असते म्हणे. इथं मी लग्न झाल्यापासून शोधतोय."

शरयूक्का जराही लाजल्या नाहीत. "घर आहे ते. तिथं कुणी शोधायला येत नाही."

"मी येतो की," श्रीधरराव म्हणाले.

आदल्याच दिवशी त्यांनी सुभाष रोडवरून आणखी एक स्टीलचा डबा आणला होता. कशासाठी ते अजून ठरायचं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

जवळच्या कॉलेजात आमचं मोठं रक्तदान शिबिर होतं. पोरं रांग लावून उभी, अर्धा डझन खाटा भरलेल्या. मी दात्यांची नावं घालत होतो. दुपारच्या सुमाराला स्क्रीनवर लाल अक्षरं आली : नोंद होऊ शकली नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. केंद्रातून मंजुळाचा फोन, "सर, इथं कायपण चालंना झालंय. इस्पितळातून माणूस आलाय पिशवी न्यायला, नोंद झाल्याशिवाय देता येईना म्हणतात."

डिस्क भरली होती. काठोकाठ. डेटाबेसला एक ओळ लिहायलासुद्धा जागा उरली नव्हती आणि लिहिता येत नाही म्हणून सगळं ठप्प. मी शिबिर सोडून धावत केंद्रात आलो तर आमचे संचालक डॉ. मेणसिनकाई शरयूक्कांच्या दारात उभे. गोरापान चेहरा लालबुंद झालेला.

"किती वेळ लागेल?"

"तुम्ही दारातून बाजूला झालात की," शरयूक्का म्हणाल्या. पाठ त्यांच्याकडंच. त्यांनी काहीतरी टाइप केलं, एक भलीमोठी फाइल पुसून टाकली आणि डिस्कला श्वास मिळाला. बाहेरच्या काउंटरवरून आवाज आला, "चालू झालं! चालू झालं!"

डॉक्टर आत आले. "ही जागा कुठून आली?"

"माझीच होती. एक खोटी फाइल करून ठेवली होती. आत काहीच नाही, नुसती जागा अडवून बसलेली. असल्या दिवसासाठी."

"म्हणजे जागा होती आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तीपण भरली असती, साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं.

ती फाइल म्हणजे तात्पुरता श्वास होता, उपाय नव्हे. हे शरयूक्काच आधी म्हणाल्या. रोग काय ते त्यांनी संध्याकाळच्या आत शोधलं. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्या लॉगची प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर काढली की आतली जागा पुन्हा वापरता येते. मधे कुणीतरी ते दुसरं यंत्र बदललं होतं. प्रत निघणं बंद झालं होतं आणि लॉग गुपचूप फुगत गेला होता. शरयूक्का तेव्हा मुलाकडं मंगळुराला रजेवर होत्या. परत आल्यावर रोज आकडा उतरताना दिसत होता, त्यांनी तसं कळवलंही होतं. पण शिबिराच्या धांदलीत "नंतर बघू" झालं होतं.

लॉग त्यांनी ताळ्यावर आणला. पण डिस्क एकूणच भरत आली होती हेही खरंच होतं. नवं यंत्र यंदा मिळणार नव्हतं. म्हणून बेंगळुरूहून प्रशांत नावाचे सल्लागार आले आणि बैठक बसली. प्रशांत सज्जन, मऊ बोलणारे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या : नवी डिस्क घ्या, नाहीतर जुना डेटा काढा. डॉक्टरांनी लगेच दुसरी उचलली.

"दहा वर्षांत जे रक्त द्यायला आलेच नाहीत, ते दाते काढून टाका. कोण येणार आहे आता? फोन नंबर बदलले, माणसं गाव सोडून गेली. मेलेली यादी आहे ती."

शरयूक्कांनी बूट घातलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"साहेब, एक माणूस किती जागा खातो, ठाऊक आहे?"

"माणूस?"

"माणसाची नोंद. नाव, गाव, रक्तगट, फोन, शेरा. आपले आजवरचे सगळे दाते एकत्र केले तरी कोपऱ्यात मावतील. डिस्क भरलीय ती दुसऱ्याच गोष्टीनं." त्यांनी प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्र पाडलं. "हे बघा. शिबिरांचे फोटो. कुणीतरी शहाण्यानं ते डेटाबेसच्याच पोटात कोंबलेत. एकेक फोटो तीन तीनदा. दाते एवढे, आणि फोटो एवढे." हातानं त्यांनी आधी चिमूट दाखवली आणि मग दोन्ही बाहू पसरले. "आणि खरं सांगू का? त्यात दात्यांचे फोटो कमीच आहेत. रिबन कापतानाचे जास्त."

रिबन कोण कापायचं ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रशांतना खोकला आला.

डॉक्टरांचा आवाज थंड झाला. "मॅडम, निर्णय माझा आहे. जुने दाते काढा."

"मी ती कमांड देणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी देणार नाही. दुसऱ्या कुणी द्यायची असेल तर आधी माझा पासवर्ड बंद करा, माझा राजीनामा घ्या, मग द्या. पुसलेला माणूस परत आणायला मला येत नाही. येत असतं तर पुसला असता." मग आवाज खाली आणून कानडीत म्हणाल्या, "एरडु वार कोडरी, सर. नोडोण." दोन आठवडे द्या, बघू या. विनंती त्यांनी तेवढीच केली. तीही अशी केली की ऐकणाऱ्याला ती ऑर्डर वाटावी.

मदतीला आले ते प्रशांत. "मॅडम बरोबर सांगतायत, सर," ते हळूच म्हणाले. "मी आतलं एवढं तपासलं नव्हतं. दाते काढून फरक पडणार नाही. मी थांबतो दोन आठवडे त्यांच्याबरोबर."

डॉक्टर उठले. दारात थांबले. "दोन आठवडे. त्यानंतर माझं ऐकायचं."

ते दोन आठवडे आमचं केंद्र लग्नघरासारखं होतं. शरयूक्कांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोटो डेटाबेसच्या पोटातून काढून साध्या फोल्डरांत गेले, तीनाचे एक झाले. शोध जलद व्हावा म्हणून कुणीकुणी केलेली आणि आता कुणीच वापरत नसलेली अनुक्रमणिकांची जाळी त्यांनी एकेक करून तोडली. तोडायच्या आधी माझ्याकडून, काउंटरवरून, प्रयोगशाळेतून विचारून घेतलं, "ही लागते काय तुम्हाला? नक्की? उद्या रडत याल." जुनी वर्षं त्यांनी वेगळी केली आणि अडगळीतल्या एका संथ पण धडधाकट डिस्कवर नेऊन बसवली. रोजचा शोध चालू नोंदींतच व्हायचा, पण लागेल तेव्हा जुन्यांतही शोधता येईल अशी तजवीज ठेवली. शेवटी फाइली नव्यानं बांधून घट्ट केल्या. रविवारी केंद्र बंद असताना भर दुपारी प्रशांत आणि त्या ते काम करत बसले होते. श्रीधरराव धारवाडहून भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले. दोघांच्या मधे डबा ठेवायला टेबलावर जागा शोधू लागले, तशा शरयूक्का म्हणाल्या, "अहो, मांडीवर ठेवा!"

सोमवारी सकाळी आतून ओरड आली. "जाग ऐति!" नेहमीसारखी नव्हती ती. पहारेकरी बाहेरून धावत आला. निम्म्याहून अधिक डिस्क मोकळी होती, आणि एकही माणूस पुसला नव्हता. शरयूक्का व्हरांड्यात आल्या, मंजुळाचे दोन्ही हात धरून तिला गरगर फिरवलं आणि सगळ्यांना मिरची भजी मागवली. डॉक्टरांच्या टेबलावर पहिली बशी स्वतः नेऊन ठेवली. त्यांनी आकडा पाहिला, भजं उचललं, म्हणाले, "तिखट आहे."

"हौद्री," शरयूक्का म्हणाल्या. होय जी.

पुढच्या पावसाळ्यात रेणुका नावाची एक बाई बाळंतपणासाठी शहरातल्या एका इस्पितळात दाखल झाली. अंगावरून रक्त जाऊ लागलं होतं, शस्त्रक्रिया करावी लागणार होती. आमच्याकडं नमुना आला आणि प्रयोगशाळेतल्या बाई धावत डॉक्टरांकडं गेल्या. रेणुकाचा रक्तगट बॉम्बे. वरवर बघितलं तर ओ वाटतो, पण ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्याच गटाचं हवं, आणि तो गट हजारोंत एखाद्याचा. बेंगळुरूला एक पिशवी होती, ती संध्याकाळपर्यंत पोचली असती. इस्पितळातून सांगत होते, निदान एक तरी दुपारी हवी.

मी चालू दात्यांत शोधलं. एकही नाही. रेणुकाचा नवरा बसवराज माझ्या टेबलासमोर उभा होता. कलघटगीकडच्या गावात तो शिक्षक होता. शर्टाची खालची गुंडी काढत होता, लावत होता.

डॉ. मेणसिनकाई स्वतः शरयूक्कांच्या दारात गेले. "मॅडम," ते म्हणाले, "जुन्यांत बघा."

त्यांनी बघितलं. संथ डिस्क, उत्तर यायला थोडा वेळ लागला. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागं उभे. मग एक ओळ आली. फक्त एक. परशुराम गावडे, अळणावर, लाकडाचा अड्डा. शेऱ्यात 'बॉम्बे'. पुष्कळ वर्षांपूर्वी एकदाच रक्त दिलेलं. फोन अड्ड्याचा.

मी नंबर लावला. तो नंबर अस्तित्वातच नव्हता.

"ठेव तो," शरयूक्का म्हणाल्या. "अळणावर माझं माहेर आहे." त्यांचे वडील तिथं रेल्वेत होते. त्यांनी चुलतभावाला, दत्तूअण्णाला फोन लावला. त्याचं स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. "दत्तू, लाकडाच्या अड्ड्यावर परशुराम गावडे म्हणून कोण होता काय? ... अड्डा बंद झाला ते ठाऊक आहे मला. माणूस कुठाय? ... काय करालाय तिथं? ... त्याला गाडीत घाल आणि घेऊन ये. अंघोळ-बिंघोळ काही नको. जेवलाय का ते विचार. जेवला नसेल तर जेवू घाल आणि आण."

फोन ठेवून त्या बसवराजकडं वळल्या. "बसा हो गुरुजी. आलाच तो."

परशुराम दुपारी आला. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, दत्तूअण्णाच्या गाडीतून उतरताना डोक्यावरची टोपी हातात घेतलेली. रेल्वे फाटकाजवळ भाजी विकायचा आता. तपासण्यांना हात पुढं करताना मला म्हणाला, "तवा शिबिरात एक डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या हुत्या, तुजं रक्त येगळं हाय, कधी तरी तुला बोलावू. मी घरात सांगितलं. बायको हसली. म्हणाली, तुज्यात येगळं काय असनार? मी वाट बघितली. फोन काय आला न्हाई. मग मीबी म्हटलं, चेष्टा केली असंल."

"चेष्टा नव्हती," शरयूक्का म्हणाल्या.

"आता कळालं की," परशुराम म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

तपासण्या झाल्या, पिशवी गेली. बेंगळुरूची संध्याकाळी आली. मधल्या वेळात कुणी घरी गेलं नाही. डॉ. मेणसिनकाई शरयूक्कांच्या खोलीत स्टुलावर बसून गिरमिट खात होते, आणि शरयूक्का त्यांना डेटाबेसमधला कुठला तक्ता किती वाढतोय ते समजावून सांगत होत्या. फोन डॉक्टरांच्या खिशात वाजला. ऐकता ऐकता ते उभे राहिले. "मुलगी," ते म्हणाले. "आई बरी आहे." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. शरयूक्कांनी टेबलावर थाप मारली. उरलेले चुरमुरे सगळीकडं उडाले.

पुढं बऱ्याच वर्षांनी शरयूक्का निवृत्त झाल्या, मंगळुराला मुलाकडं गेल्या. अधूनमधून फोन येतो. पण मला त्या आठवतात त्या रेणुकाच्या मुलीच्या बारशातल्या.

बसवराजनं आम्हाला सगळ्यांना गावी बोलावलं होतं. परशुराम बायकोला घेऊन आला होता, ती सारखी त्याच्या दंडाकडं बघत होती, आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "हेंचं रक्त येगळं हाय." पाळण्याभोवती बायका जमल्या. कानडी पाळणा सुरू झाला, आणि दुसऱ्या कडव्याला बायका अडल्या. कुणालाच शब्द आठवेना. तेव्हा शरयूक्का पुढं झाल्या. पांढरे बूट दाराबाहेर, पदर खोचलेला. त्यांना कानडी पाळणा येत नव्हता, मराठी अर्धाच येत होता, आणि सूर कुठलाच येत नव्हता. तरी त्यांनी गळा मोकळा सोडला. अर्ध्या ओळी मराठी, अर्ध्या आयत्या वेळी जुळवलेल्या कानडी, आणि ओळीच्या शेवटी दोन्ही भाषांत चालणारं जोजो. पोरगी दचकून जागी झाली आणि तारस्वरात रडू लागली. बायका हसायला लागल्या, रेणुका हसता हसता डोळे पुसू लागली. शरयूक्का थांबल्या नाहीत. त्यांनी पाळण्याची दोरी आणखी जोरात ओढली आणि आवाज पोरीच्या वर चढवला.